मेंथॉल बंद झालं मॅसॅच्युसेट्समध्ये, सिगारेटी वाढल्या न्यू हॅम्पशायरमध्ये: नेमकं काय मोजायचं?

आकडेमोड (धागाकर्ती)

'फ्लेवरबंदीचा उपयोग शून्य, लोक शेजारच्या राज्यातून आणतात' हे वाक्य हल्ली इतक्या ठिकाणी वाचलं की शेवटी आकडे घेऊन बसले. समोरच्या पक्षाचंही एक ठरलेलं वाक्य आहे: 'बंदी आली, विक्री घटली, विषय संपला.' दोघंही दाखला देतात मॅसॅच्युसेट्सचाच, आणि दोघांकडचे आकडे खरे आहेत. भांडण आकड्यांचं नाहीच, फूटपट्टी कुठून कुठपर्यंत धरायची याचं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत २००९ च्या संघीय कायद्याने सिगारेटमधले चेरी, लवंग, चॉकलेट वगैरे सगळे फ्लेवर बंद केले. मेंथॉल (पुदिन्यासारखा गारवा देणारा फ्लेवर) तेवढं वगळलं. वगळलं म्हणजे काय, तर बाजारातला सगळ्यात मोठा फ्लेवर तसाच ठेवला; २०२० च्या सुमारास तिथे विकल्या जाणाऱ्या सिगारेटींत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मेंथॉलच्या होत्या. एफडीएने (अन्न-औषधांवर देखरेख ठेवणारं संघीय खातं) २०२२ मध्ये मेंथॉलबंदीचा प्रस्ताव आणला, तो लोंबकळत राहिला आणि जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतला गेला. त्यामुळे जे काही झालं ते राज्यांनी आणि शहरांनी आपापलं केलं. राज्यांत पहिला नंबर मॅसॅच्युसेट्सचा. नोव्हेंबर २०१९ मध्ये गव्हर्नर चार्ली बेकर यांनी सही केली, फ्लेवरच्या वेपवर (ई-सिगारेटवर) लगेच आणि मेंथॉल सिगारेटवर १ जून २०२० पासून बंदी आली.

आता आकडे. 'जामा इंटर्नल मेडिसिन'मध्ये २०२२ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या संशोधकांचा एक छोटा लेख आला. दुकानांतल्या स्कॅनरवर नोंदलेली विक्री घेऊन त्यांनी मॅसॅच्युसेट्सची ३३ राज्यांशी तुलना केली. बंदीनंतर चार आठवड्यांच्या विक्रीत दर हजार लोकसंख्येमागे मेंथॉलची ३७२.२७ पाकिटं कमी झाली, साध्या सिगारेटची १२०.२५ पाकिटं वाढली, आणि एकूण विक्री २८२.६५ पाकिटांनी घटली.

दुसरीकडे टॅक्स फाउंडेशन. त्यांनी पाकिटांवरच्या कराच्या वसुलीवरून हिशेब मांडला: मॅसॅच्युसेट्सचं उत्पन्न वर्षभरात दहा कोटी डॉलरहून जास्त घटलं, त्याच काळात शेजारच्या न्यू हॅम्पशायर आणि ऱ्होड आयलंडमधली विक्री चढली, आणि तिन्ही राज्यं जोडली तर घट जेमतेम उरते.

एक संस्था तंबाखूविरोधी, दुसरी करविरोधी. दोघांनी आपल्याला सोयीची चौकट निवडली यात नवल काही नाही. माझं म्हणणं एवढंच: बंदी घातलेल्या एकट्या राज्याची विक्री मोजून बंदी मोजता येत नाही, आणि शेजाऱ्याची वाढ टक्क्यांत दाखवून बंदी फसली असंही म्हणता येत नाही. सगळ्या राज्यांची पाकिटं मिळून बेरीज करावी लागते.

तिखटमीठ

रुमाल टाकून ठेवतो. आपल्याकडच्या गुटखाबंदीचंही येऊ द्या.

आकडेमोड

त्याला वेगळा धागा काढा, मी येईन. इथे ते आलं की दोनशे प्रतिसादांत सिगारेट शोधावी लागेल.

शंकासुर

३७२ घटली, १२० वाढली. वजाबाकी २५२ येते. मग २८२ कुठून आले? पहिल्याच उताऱ्यात हिशेब जुळत नसेल तर पुढचं काय वाचायचं?

पाटीपेन्सिल

तीन समीकरणं वेगवेगळी चालवली आहेत: एक मेंथॉलचं, एक साध्याचं, एक एकूण विक्रीचं. प्रत्येकात किंमत वगैरे गोष्टींचं समायोजन स्वतंत्र. त्यामुळे बेरीज तंतोतंत जुळत नाही, आणि या पद्धतीत ती जुळावी अशी अपेक्षाही नसते. कच्च्या विक्रीचे आकडे असते आणि जुळले नसते तर तुमचा आक्षेप रास्त होता.

मला खरी अडचण दुसरीकडे वाटते. स्कॅनरचा डेटा म्हणजे मोठ्या साखळ्या, पेट्रोलपंप, औषधदुकानं. कोपऱ्यावरचं एकट्या मालकाचं दुकान त्यात नीट सापडत नाही, आणि गाडीच्या डिकीतून विकणारा तर कुठेच सापडत नाही. कराचा स्टॅम्प घाऊक व्यापारी पाकिटाच्या बुडाला लावतो, तेव्हा तो आकडा राज्यातल्या कायदेशीर मालाचा जवळजवळ पूर्ण असतो. पण तो विक्रीचा नसतो, घाऊक उचलीचा असतो. बंदीच्या आदल्या महिन्यात व्यापारी मेंथॉल उचलत नाहीत आणि पलीकडचे जादा भरून ठेवतात, म्हणजे सुरुवातीच्या महिन्यांत स्टॅम्प दोन्हीकडे अतिशयोक्ती करू शकतो. एका वर्षाच्या बेरजेत हे बरंचसं विरघळतं, पण कुणी जून-जुलैचा आलेख नाचवत असेल तर सावध राहा.

आणि काळ कोणता ते विसरू नका. २०२० मध्ये अख्ख्या अमेरिकेत सिगारेट विक्री आदल्या वर्षापेक्षा किंचित वाढली. एफटीसीच्या (संघीय व्यापार आयोगाच्या) अहवालानुसार २०१९ चे २०२.९ अब्ज नग, २०२० चे २०३.७ अब्ज. वीस वर्षांत पहिल्यांदा वाढ. लोक घरी बसलेले, हातात मदतीचा चेक, ऑफिसच्या दारात धूम्रपानाला मनाई करणारं कुणी नाही. न्यू हॅम्पशायरची वाढ दिसली की ती सगळी बंदीच्या नावावर टाकणं चूक. तसंच तिन्ही राज्यांची बेरीज सपाट राहिली म्हणजे परिणाम शून्य, हेही चूक. देशभर चढ असताना इथे सपाट राहणं हीसुद्धा एक घटच आहे.

आकडेमोड

+१. यात माझी भर, टक्केवारीबद्दल. २०२० च्या जनगणनेत मॅसॅच्युसेट्सची लोकसंख्या ७० लाख ३० हजार, न्यू हॅम्पशायरची १३ लाख ७८ हजार. हजारी २८२.६५ ची घट म्हणजे चार आठवड्यांत सुमारे १९.९ लाख पाकिटं. समजा, वादापुरतं, ही सगळीच्या सगळी न्यू हॅम्पशायरमध्ये विकली गेली. तिथे ती वाढ हजारी १,४४० च्या घरात दिसेल. पाकिटं तीच, आकडा पाचपट. म्हणून 'इकडे एवढीशी घट, तिकडे केवढी उडी' असले शेजारी-शेजारी छापलेले स्तंभालेख बघून कुणी हुरळू नये.

रातकिडा

मी त्या काळात सीमेच्या न्यू हॅम्पशायरच्या बाजूला एका पेट्रोलपंपावरच्या दुकानात रात्रपाळी करायचो. दुकानाचं नाव लिहीत नाही. दारातून बघितलं तर मॅसॅच्युसेट्सची हद्द चालत गाठता यावी इतकी जवळ.

मॅसॅच्युसेट्सच्या पाटीच्या गाड्या आमच्याकडे बंदीआधीही यायच्या. दारू स्वस्त, विक्रीकर नाही, लॉटरीचं तिकीट, आणि जाता जाता सिगारेट. जून २०२० नंतर बदलली ती मागण्याची पद्धत. आधी माणूस पेट्रोलचे पैसे देताना 'एक न्यूपोर्टही द्या' (मेंथॉलचा ब्रँड) म्हणायचा. नंतर लोक पेट्रोल न भरता थेट काउंटरला येऊन कार्टन (दहा पाकिटांचा खोका) मागायला लागले, कुणी दोन, कुणी तीन, आणि बरोबर हाताने लिहिलेली यादी: शेजाऱ्याचं एक, बहिणीचं एक. मालकाने मागच्या फळीवरचे साध्या सिगारेटचे दोन रकाने काढून तिथे हिरवी पाकिटं लावली. मेंथॉलची रांग पूर्वी माझ्या खांद्याला लागायची, ती डोक्यावर गेली.

आता हे कार्टन नेणारे किती ओढायचे आणि किती विकायचे ते मी विचारलं नाही. विचारायचं काम माझं नव्हतं.

शंकासुर

विकायला नेणं गुन्हा नाही का?

आकडेमोड

राज्याच्या कायद्याने परवान्याशिवाय विकणं अर्थातच गुन्हा. संघीय तस्करीचा कायदा मात्र दहा हजारांहून जास्त, कराचा स्टॅम्प नसलेल्या सिगारेटींना लागतो; म्हणजे ५० कार्टनच्या वर. बहिणीसाठीचं कार्टन त्यात कुठेच बसत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये बेकायदा तंबाखूवर लक्ष ठेवायला अनेक खात्यांचं मिळून एक टास्क फोर्स आहे.

कावळा

म्हणजे आधी कराचं उत्पन्न घालवा, मग टास्क फोर्सवर खर्च करा. प्रौढ माणसाला काय ओढायचं ते ओढू द्या की. मेंथॉलचं प्रमाण कुणात जास्त, हेही लिहा जरा. कृष्णवर्णीय धूम्रपान करणाऱ्यांत ८५ टक्क्यांच्या आसपास लोक मेंथॉलवाले. गोऱ्यांची सिगारेट चालू आणि यांची बंद. २०१४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एरिक गार्नर पोलिसांच्या हातून मेले, त्यांच्यावरचा संशय सुटी सिगारेट विकण्याचाच होता.

आकडेमोड

ही भीती खोटी नाही, आणि त्यावरून कृष्णवर्णीय नेत्यांतच दोन तट आहेत. नागरी हक्कांचे नेते अल शार्प्टन यांनी पोलिसांच्या मुद्द्यावर इशारा दिला, एनएएसीपी ही कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीची संघटना बंदीच्या बाजूने उभी राहिली. तिचा युक्तिवाद असा की कंपन्यांनी दशकानुदशकं याच वस्त्यांत मेंथॉल स्वस्त विकलं, फुकट वाटलं, जाहिराती ओतल्या, तेव्हा यांचीच सिगारेट 'चालू' ठेवणं हा न्याय कसा. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यात दंड दुकानदाराला आहे, ओढणाऱ्याला नाही, हे मात्र नोंदवते. बाकी 'ओढू द्या' हा तत्त्वाचा प्रश्न झाला, त्यावर आकडेमोड चालत नाही.

उंबरठा

उत्तम धागा. एक गोष्ट कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. सगळे गृहीत धरतात की वाहतूक एकाच दिशेने आहे: बंदीच्या राज्यातून बाहेर. न्यू हॅम्पशायरपुरतं ते बरोबर. तिथला कर पाकिटामागे १.७८ डॉलर, मॅसॅच्युसेट्सचा ३.५१, वर ६.२५ टक्के विक्रीकर. कार्टनमागे नुसत्या सिगारेट कराचाच फरक १७ डॉलर ३० सेंट. तो ओघ बंदीच्या आधीपासूनचा.

ऱ्होड आयलंडचं चित्र उलटं आहे. २०२० मध्ये तिथला कर ४.२५ डॉलर, म्हणजे मॅसॅच्युसेट्सपेक्षा जास्त. कनेक्टिकटचा ४.३५. त्यामुळे ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटचा माणूस मॅसॅच्युसेट्समधल्या ॲटलबरोला, ईस्ट प्रॉव्हिडन्सचा सीकॉंकला येऊन सिगारेट घ्यायचा. बंदी आली आणि यांच्यातल्या मेंथॉलवाल्यांना इकडे यायचं कारण उरलं नाही. ते आपापल्या गावात घ्यायला लागले. तेव्हा मॅसॅच्युसेट्सची काही विक्री घटली ती मुळात मॅसॅच्युसेट्सच्या लोकांची नव्हतीच, आणि ऱ्होड आयलंडची काही वाढ म्हणजे त्यांचेच लोक घरी परतले. दोन्ही आलेखांत हे 'बंदी चुकवून पळालेले' म्हणून दिसतं, पण कुणी काही चुकवलेलं नाही.

पाटीपेन्सिल

हे फार महत्त्वाचं आहे. शिवाय याचा फटका दोन्ही पक्षांना बसतो. कॅन्सर सोसायटीच्या बाजूची घट फुगते, कारण ती दर हजार *रहिवाशांमागे* मोजली आहे आणि घेणारे सगळे रहिवासी नव्हते. टॅक्स फाउंडेशनच्या बाजूची गळती फुगते, कारण परतलेला आणि पळालेला त्यांच्या वहीत एकच. तिन्ही-चारी राज्यांची बेरीज केली की मात्र ही भानगड आपोआप मिटते.

रातकिडा

आमच्याकडे मात्र ऱ्होड आयलंडची पाटी क्वचित. तेवढं लांब कोण येतंय.

बर्फाळ

कॅनडातून. इकडे हाच खेळ आधी होऊन गेला. नोव्हा स्कॉशियाने ३१ मे २०१५ ला मेंथॉल बंद केलं, मग अल्बर्टा, न्यू ब्रन्सविक, क्वेबेक, १ जानेवारी २०१७ ला ऑन्टॅरिओ, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये देशभर. प्रांताप्रांताने झाल्यामुळे अभ्यासकांना आयतीच प्रयोगशाळा मिळाली.

नोव्हा स्कॉशियात बेकायदा सिगारेटींचा पूर येईल अशी हाकाटी होती; जप्तीचे आकडे तपासले तर तसं काही निघालं नाही. पण सीमा फक्त नकाशावरच्या प्रांतांची नसते. फर्स्ट नेशन्सच्या (कॅनडातल्या मूळनिवासींच्या) राखीव भूमीवरच्या दुकानांत माल मिळत राहिला. कार्पेंटर आणि गुयेन या अर्थशास्त्रज्ञांनी प्रांतिक बंद्यांचा अभ्यास केला त्यात दोन गोष्टी निघाल्या: तरुण मुलं मेंथॉलवरून साध्या सिगारेटवर गेली, एकूण धूम्रपान फारसं हललं नाही, आणि प्रौढांची खरेदी राखीव भूमीकडे सरकली.

याच्या समोर फाँग आणि सहकाऱ्यांचं काम ठेवा. त्यांनी विक्री मोजलीच नाही, माणसं मोजली. बंदीआधी मेंथॉल ओढणाऱ्यांपैकी २२.३ टक्के लोकांनी नंतर सिगारेट सोडलेली आढळली, साध्या सिगारेटवाल्यांत हेच प्रमाण १५ टक्के. सात टक्क्यांचा फरक. पाकिटं मोजणाऱ्याला जे दिसत नाही ते इथे दिसतं.

कावळा

आणि पाकिटं मोजणाऱ्याला जे दिसतं ते यांना दिसत नाही. सर्वेक्षणात माणूस 'सोडली' म्हणतो.

बर्फाळ

म्हणतो खरा. पण साध्या सिगारेटवालाही तेवढंच खोटं बोलणार ना? फरक मोजताय, आकडा नाही.

धूरकट

तुम्ही सगळे मेंथॉलवर अडकलात. वेपच्या फ्लेवरवर बंदी आली की सिगारेटच्या विक्रीचं काय होतं? फ्रीडमन, लायबर, क्रिपेन आणि पेस्को यांच्या २०२३ च्या अभ्यासात निघालं की वेपचा ०.७ मिलिलिटरचा एक पॉड (द्रवाची छोटी कुपी) न विकला गेला तर त्याजागी सिगारेटी जादा विकल्या जातात १५. पंधरा! वेप बंद करून सिगारेट वाढवणार असाल तर कमावलं काय? सॅन फ्रान्सिस्कोत तर बंदीनंतर शाळकरी मुलांत सिगारेट वाढल्याचंही फ्रीडमन यांनी आधी दाखवलं होतं.

पाटीपेन्सिल

सॅन फ्रान्सिस्कोचं जरा जपून. मतदारांनी प्रपोझिशन ई (फ्लेवरबंदीचा सार्वमताचा ठराव) जून २०१८ मध्ये ६८ टक्क्यांनी मंजूर केलं, पण अंमलबजावणी सुरू झाली जानेवारी २०१९ मध्ये. टीकाकारांनी दाखवून दिलं की त्या अभ्यासातली मुलांची माहिती २०१८ च्या शेवटी, अंमलबजावणीच्या आधीच गोळा झाली होती. पॉडवाला अभ्यास जास्त भक्कम आहे, कारण त्यात बरीच राज्यं आणि शहरं आहेत.

पण त्याने मूळ प्रश्नाला एक पदर जोडला हे खरं. मॅसॅच्युसेट्सने दोन्ही बंद केलं. ज्या राज्यात फक्त वेपचे फ्लेवर बंद आणि मेंथॉल सिगारेट सुरू, तिथे ढकलणं नेमकं सिगारेटीकडे होतं.

आकडेमोड

मला स्वतःला हे सगळ्यात अस्वस्थ करणारं वाटतं. राज्याची सीमा ओलांडायला गाडी लागते, वेपवरून सिगारेटवर जायला फळीवर एक हात बाजूला न्यावा लागतो. तरी आपण वाद घालतो गाडीवरच.

कोयना_ते_सॅक्रामेंटो

कॅलिफोर्नियाचं कुणी लिहीत नाही म्हणून मी. इथे कायदा २०२० मध्ये झाला, कंपन्यांनी सह्या गोळा करून सार्वमत मागितलं, त्यात दोन वर्षं गेली. नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रपोझिशन ३१ ला सुमारे ६३ टक्के मतं पडली, सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती नाकारली, आणि २१ डिसेंबर २०२२ पासून बंदी.

भूगोल बघा. बॉस्टनहून न्यू हॅम्पशायर पाऊण-एक तास. लॉस एंजेलिसहून नेवाडाची हद्द तीन-चार तास. नेवाडाचा कर १.८० डॉलर, इकडचा २.८७, पण एका कार्टनसाठी वाळवंट कुणी पार करत नाही. राज्य मोठं असलं की सीमा ही सीमेवरच्यांपुरतीच उरते.

म्हणून इथे पळवाट सीमेवर नाही, पाकिटातच निघाली. बंदी लागू होताच न्यूपोर्ट आणि कॅमलची नवी पाकिटं आली, वर लिहिलेलं 'नॉन-मेंथॉल'. रंग तोच हिरवा-निळा. आत पुदिन्याचा वास नाही, पण घशाला गारवा तसाच, कारण डब्ल्यूएस-३ नावाचं कृत्रिम शीतक घातलेलं. वास नाही म्हणून फ्लेवर नाही, असा कंपनीचा पवित्रा. राज्याच्या ॲटर्नी जनरलनी २०२३ मध्ये नोटिसा धाडल्या, २०२४ मध्ये कायद्यात 'थंडावा देणारं काहीही' अशी दुरुस्ती करावी लागली. मधल्या काळात विक्रीच्या नोंदीत ही पाकिटं कुठल्या रकान्यात गेली असतील? साध्या सिगारेटच्या! 'मेंथॉलवाले साध्यावर गेले' असा आकडा कॅलिफोर्नियातून कुणी आणला तर त्यात हे गारेगार 'साधे'सुद्धा धरलेले असतात.

शंकासुर

हे भारी आहे. युरोपात पण असंच झालं का?

आकडेमोड

युरोपीय संघात २० मे २०२० पासून सगळ्या देशांत एकदमच बंदी, त्यामुळे आतल्या आत सीमेचा प्रश्न बराच बोथट. तिथे पळवाटा निघाल्या मेंथॉलच्या सिगारिलो (छोटे सिगार) आणि पाकिटात सरकवायची सुगंधी कार्डं. पोलंडचं उदाहरण वाचण्यासारखं आहे, कारण मेंथॉलचा वाटा तिथे संघात सगळ्यात जास्त होता. मेंथॉल सिगारेट दुकानांतून जवळजवळ नाहीशी झाली, पण एकूण विक्री ठळक घटली नाही, आणि त्याच काळात सिगारेटच्या किमती उतरल्या. कंपनीला गिऱ्हाईक दुसऱ्या फळीवर न्यायचं असलं की ती भाव पाडते. फ्लेवर काढला आणि किमतीकडे कुणी बघितलं नाही तर काय होतं ते इथे दिसतं.

उंबरठा

म्हणजे फिरून कराकडेच. ऱ्होड आयलंडने सप्टेंबर २०२४ मध्ये कर ४.५० केला. मॅसॅच्युसेट्स ३.५१ वरच. आता सीकॉंकच्या हद्दीवर साध्या सिगारेटचं गिऱ्हाईक इकडे येणार, मेंथॉलचं तिकडे जाणार. दोन्ही राज्यांचे आकडे महिन्याचे महिने शेजारी ठेवले तर बंदीचा ओघ आणि कराचा ओघ वेगळा काढता येईल असं वाटतंय. पाटीपेन्सिल, जमेल?

पाटीपेन्सिल

स्टॅम्पवर मेंथॉल की साधं हे लिहिलेलं नसतं, तिथेच अडतं. स्कॅनरचा डेटा हद्दीलगतच्या पिनकोडांपुरता मिळाला तर जमेल, पण तो विकत घ्यावा लागतो आणि भाव ऐकून सिगारेट ओढावीशी वाटेल.

शंकासुर

त्यापेक्षा न्यू हॅम्पशायरने आपला कर मॅसॅच्युसेट्सइतका केला तर? मग जे येतील ते फक्त मेंथॉलसाठी.

रातकिडा

न्यू हॅम्पशायर? कर वाढवणार? तुम्ही इथे राहिलेले दिसत नाही.